ब्रेकवाले सेतुराव

सेतुरावांचा ज्याला कधी राग आला नाही, असा माणूस मला अजून भेटायचाय. ड्रायव्हर त्यांच्यावर चिडायचे, स्पेअर पार्टवाले चिडायचे, आमच्या शाळेचे मालक तर लालबुंद व्हायचे, आणि पहिल्या दिवशी मीसुद्धा अशी भडकले होते की घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, उद्या तो म्हातारा आला तर मी रजा टाकते. आज हे लिहितानाही माझं डोकं तापलेलंच आहे. फक्त ते आता त्यांच्यावर तापलेलं नाही.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याची बँकेतली बदली चेन्नईला झाली, शोळिंगनल्लूरला भाड्यानं घर घेतलं, आणि दिवसभर घरात बसून भिंती किती बघायच्या म्हणून जवळच्याच एका शाळेत ट्रान्सपोर्टचं काम धरलं. अकरा बस, अकरा ड्रायव्हर, त्यांचे मार्ग, त्यांच्या रजा, आणि सकाळी सहापासून फोनवर ‘बस कुठाय’ म्हणून माझा जीव खाणारे पालक. इकडे शाळेच्या मालकाला ‘करस्पॉण्डंट’ म्हणतात. आमचे करस्पॉण्डंट बोलायला मिठ्ठास. कधी आवाज चढवायचे नाहीत. असल्या माणसांपासून सावध राहावं हे मला फार उशिरा कळलं.

मग लॉकडाऊन आला आणि बस मागच्या मैदानात उभ्या राहिल्या त्या दीड वर्ष. मैदानाला लागून पाणथळ, पलीकडे थोड्या अंतरावर समुद्र, त्यामुळे हवा बारा महिने खारी. शाळा पुन्हा उघडायचं ठरलं तेव्हा ड्रायव्हरांना बोलावलं, बॅटऱ्या बदलल्या, इंजिनं खोकत खोकत सुरू झाली, आणि बस काही जागची हलेना. एक नाही, दोन नाही, अकराच्या अकरा. मागची चाकं जमिनीला खिळल्यासारखी.

“रायरना बोलवा,” मुरुगेसन म्हणाला. हा आमचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर. तंजावरकडच्या मराठी लोकांना इथले तमिळ लोक रायर म्हणतात, आणि हे रायर म्हणे सरकारी बस डेपोत चौतीस वर्षं नुसते ब्रेकच सोडवत होते. रिटायर झाल्यावर या रस्त्यावरच्या सात-आठ शाळांच्या बस तेच बघायचे. मला आनंद झाला. म्हटलं चला, मराठी माणूस आहे, बोलायला बरं पडेल.

दुसऱ्या दिवशी मोपेडवर एक काटकुळा म्हातारा आला. पांढरा शर्ट, दुमडलेली वेष्टी म्हणजे लुंगीसारखं धोतर, चष्म्याला दोरी, मोपेडच्या पाय ठेवायच्या जागेत अवजारांची लोखंडी पेटी. मी पुढं होऊन “नमस्कार, मी मिरजेची” म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मैदानात गेले, अकरा बसच्या बावीस मागच्या चाकांपाशी वाकून आले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक वाळून काळं पडलेलं लिंबू होतं.

“हें काय आहे?”

मी मुरुगेसनकडे बघितलं. त्यानं छाती पुढं काढून सांगितलं. आयुधपूजा! लॉकडाऊनमध्ये पगार निम्मा झाला होता, तरी सगळे ड्रायव्हर त्या दिवशी न बोलावता आले होते. बस धुतल्या, चंदन-कुंकू लावलं, हार घातले, प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवलं. एरवी त्या लिंबांवरून गाडी पुढं न्यायची असते. पण गाड्या कुठंच जायच्या नव्हत्या, बॅटऱ्याही उतरलेल्या, म्हणून लिंबं तशीच राहिली. सांगताना त्याचे डोळे भरून आले होते.

“पाण्याच्या पाइपानं धुतलांत?” सेतुराव.

“पाइपानं! चाकंसुद्धा. आतपर्यंत पाणी मारलं.”

“मग? हॅण्डब्रेक?”

“ओढला. दोन्ही हातांनी, पार वरपर्यंत.” मुरुगेसननं ओढून दाखवला.

सेतुरावांनी ते लिंबू जमिनीवर आपटलं. “अस्कीं मिळून पूजा करून मारलांत!” ते ओरडले. मग तमिळमध्ये जे काही बोलले ते मला निम्मं कळलं आणि जे कळलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गोष्ट साधी होती. चाकाच्या आत लोखंडी ड्रम असतो, त्याच्या आत दोन शू असतात, आणि हॅण्डब्रेक ओढला की ते शू ड्रमला आतून घट्ट दाबून बसतात. पोरांनी माया करून ड्रम आतून ओला केला आणि तसाच दाबून ठेवला वर्षभर. गंजानं दोन्ही एकजीव झाले. धुतलंच नसतं किंवा ब्रेक ओढला नसता आणि चाकांना दगड लावले असते, तर काही झालं नसतं.

मग माझी पाळी आली. “तुम्हीं ट्रान्सपोर्टच्या बाई, होय कीं? ओल्या गाडीचा हॅण्डब्रेक ओढून ठेवूं नये, हें तुम्हांला कोणी सांगितलं नाहीं?”

“मी काय मेकॅनिक आहे का हो?” माझाही पारा चढला. “आणि सकाळी सकाळी माझ्यावर ओरडायचं काम नाही!”

“मीं विचारलं काय? कोणी सांगितलं, कीं नाहीं सांगितलं?”

“नाही सांगितलं!”

“सरि. मग तुमची चूक नाहीं. आतां मीं सांगितलं. पुढच्या वेळेला चूक तुमची.” आणि वेष्टी सोडून खाकी हाफपँट चढवायला बसच्या मागं निघून गेले. मी तिथंच उभी. एवढं बोलणं खाऊन वर मला निर्दोष सोडलं होतं, आता भांडायचं तरी कशावरून?

त्यांची मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू यायचं. ‘अस्कीं’ म्हणजे सगळे. ‘नक्को’, ‘सरि’ म्हणजे ठीक, मधूनच अर्धं वाक्य तमिळ, आणि सगळ्याला तमिळचा हेल. त्यांना माझी मराठी वर्तमानपत्र वाचल्यासारखी वाटायची. बायको गेल्यावर घरात मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा मराठीत विचारलेल्याला तमिळमध्ये उत्तर द्यायचा. म्हणून माझ्याशी गोड बोलायचे असं मात्र मुळीच नाही. मराठीत ओरडायला कुणीतरी मिळालं, यातच त्यांना समाधान असावं.

काम करताना मात्र तोच माणूस इतका सावकाश व्हायचा की बघणाऱ्याचा जीव जावा. आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. मग मागचं चाक जॅकनं उचलायचं, खाली घोडी लावायची, जॅकवर भरवसा ठेवून खाली जायचं नाही. मागच्या भोकातून शूचा आवळ सैल करायचा. मग लाकडाचा ठोकळा धरून ड्रमच्या कडेवर हातोडीनं हलके ठोके, एका जागी कधीच नाही, गोल फिरत. दहा ठोके, मग थांबायचं, हातानं चाक हलवून बघायचं, पुन्हा दहा. एकदा एका ड्रायव्हरानं लवकर सुटावं म्हणून मागच्या भोकातून डिझेल सोडलं. सेतुरावांनी त्याच्या हातातली बाटली घेऊन कुंपणापार भिरकावली. “शूला तेल लावतोस? उद्यां ब्रेक दाबशील आणि गाडी जेवायला जाईल पुढच्या घरांत!” त्या बिचाऱ्याला पुढचा अख्खा दिवस तो ड्रम घासत बसवला.

आणि चाक सुटलं, फिरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. ड्रम उघडायचाच. सुटलेलं चाक न उघडता त्यांनी कधी खाली टेकवलं नाही. शूवर चिकटवलेलं जे लायनर असतं, गाडी थांबते ती ज्याच्या जोरावर, ते गंजानं ड्रमला धरलेलं असतं. चाक सुटताना ते शूवरून उखडू शकतं. वरून काही दिसत नाही. ब्रेक लागतोसुद्धा, एकदा, दहादा, शंभरदा. “गाडी चालवायला अस्कीं येतात,” ते म्हणायचे. “थांबवायची म्हटलं कीं मीं एकटा.” हे वाक्य दिवसातून तीनदा तरी ऐकवायचे, आणि तिसऱ्यांदा मी म्हणायचे, “हो, हो, कळलं.”

त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालणं म्हणजे शिक्षा होती. ब्रेक घासून तापल्याचा वास त्यांना कुठूनही यायचा. एकदा पार्ट आणायला आम्ही नुंगंबाक्कमला गेलो होतो, सिग्नलला एक भलीमोठी चकचकीत गाडी उभी. सेतुराव फुटपाथवरून उतरून थेट तिच्या काचेवर टकटक. डावं मागचं चाक धरतंय, गाडी बाजूला घ्या. आतल्या गृहस्थानं भिकारी समजून हातानंच जा म्हणून खुणावलं. झालं! सेतुराव गाडीपुढं जाऊन उभे. सिग्नल सुटला, मागून हॉर्नचा कल्लोळ, पोलीस आला, गृहस्थ खाली उतरून इंग्रजीत तोंड सोडायला लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालेलं. सेतुरावांनी शांतपणे सांगितलं, “मीं चूक असलों तर मला पकडा. आधीं यांना सांगा, त्या चाकाला हात लावा.” गृहस्थांनी तावातावानं चाकाच्या जाळीला हात लावला आणि कळवळून मागं घेतला. पोलिसानंही लावून बघितला, त्याचाही भाजला. गाडी बाजूला लागली. आभार वगैरे कुणी मानले नाहीत. सेतुरावांना त्याचं काही नव्हतं. ते बसमध्ये सबंध वाटभर मला बोलत राहिले, की मी लाजून चार पावलं लांब उभी राहिले होते म्हणून. ते खरंच होतं.

असल्या माणसाच्या मागं एखादी दुःखद गोष्ट असते असं आपल्याला वाटतं. मलाही वाटलं. एका दुपारी डबा खाताना मी विचारलं, “सेतुराव, डेपोत असताना काही अपघात झाला होता का हो तुमच्या हातून? किंवा घरात कुणाचा?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “कां? काम नीट करायला आधीं कोणी मेलंच पाहिजे काय?” आणि डब्याचं झाकण लावून उठून गेले. त्यानंतर मी असले प्रश्न कुणालाच विचारले नाहीत.

चार दिवसांत त्यांनी तीन बस पुऱ्या केल्या. आठ राहिल्या होत्या. शाळा उघडायला आठवडा होता आणि त्याआधी मंगळवारी आरटीओची तपासणी. करस्पॉण्डंटनी मला बोलावून गोड आवाजात विचारलं, एवढा वेळ का लागतोय. मी सेतुरावांचं सगळं पाठ झालेलं त्यांना ऐकवलं. त्यांनी मान हलवली, चहा मागवला. मला वाटलं, पटलं.

सोमवारी सकाळी मी आणि सेतुराव एकदमच फाटकात शिरलो. आठही बस ओळीनं उभ्या, धुतलेल्या, तकतकीत. मैदानभर टायर फरफटल्याचे काळे पट्टे. काय झालंय ते मलाही कळलं. रविवारी ड्रायव्हरांना बोलावून घेतलं होतं. गियर टाकायचा, एकदम क्लच सोडायचा, पुढं झटका, मागं झटका, धाडकन आवाज होऊन शू सुटेपर्यंत. आठही बस दुपारपर्यंत मोकळ्या झाल्या होत्या. करस्पॉण्डंट व्हरांड्यातून हसून म्हणाले, “प्रॉब्लेम सुटला.”

सेतुराव सरळ बसच्या ओळीकडे गेले. पेटी उघडली, नऊ नंबरची बस जॅकवर घेतली, चाक काढलं, ड्रम ओढला, आणि आतून लायनरचा वीतभर तुकडा गळून त्यांच्या मांडीवर पडला. शू नागडा. दुसऱ्या शूवरचं लायनर मधोमध चिरलेलं. तो तुकडा उचलून, तसेच काळ्या हातांनी, ते ऑफिसात गेले आणि करस्पॉण्डंटच्या काचेच्या टेबलावर ठेवला. मी मागोमाग.

“एक चाक उघडलं. पंधरा राहिलीं आहेत,” ते तमिळमध्ये म्हणाले.

करस्पॉण्डंटनी टिश्यू पेपरनं तो तुकडा उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकला. “ते एक नीट करा. बाकीच्यांचे ब्रेक लागतायत. उद्या तपासणी आहे, ब्रेक लागले की झालं.”

“आज लागतील. उद्यांही लागतील. चाळीस मुलं बसून पुलावरून उतरतील तेव्हां लागतील कीं नाहीं, मला माहीत नाहीं. तुम्हांला माहीत आहे?”

“तुम्ही आता गेलात तरी चालेल,” करस्पॉण्डंट म्हणाले. तसंच, गोड.

सेतुरावांनी टोपलीत हात घालून आपला तुकडा परत घेतला. मला वाटलं निघाले. पण ते मैदानात गेले आणि त्या आठ बसच्या ड्रायव्हरांना गोळा केलं. भाषण वगैरे नाही. प्रत्येकाच्या हातात तो तुकडा द्यायचा आणि त्याच्या उजव्या पायाकडे बोट दाखवायचं. “हा तुझा पाय. तू दाबशील, खालीं हें असेल.” बस एवढंच, आठ वेळा. दीड वर्ष निम्म्या पगारावर काढलेली माणसं ती. कुणाच्या बायकोनं बांगड्या गहाण टाकलेल्या, कुणी मधल्या काळात मासे विकलेले. नोकरी त्यांनाच सगळ्यांत जास्त हवी होती. आणि रविवारी झटके देणारेही तेच होते. मुरुगेसन बराच वेळ तो तुकडा बघत उभा राहिला. मग माझ्या टेबलाशी आला आणि बसची चावी ठेवून गेला. मागून बाकीचे सात. माझ्या टेबलावर आठ चाव्या पडल्या आणि मी रडायला लागले. कशासाठी ते मला आजही सांगता येणार नाही.

करस्पॉण्डंटना झुकावं लागलं. आयत्या वेळी आठ ड्रायव्हर कुठून आणणार? तपासणीची तारीख पुढं गेली, पालकांना पत्र गेलं की पहिले काही दिवस मुलांना आपणच सोडा. सेतुरावांनी ड्रायव्हरांना हाताशी घेऊन उरलेली पंधरा चाकं उघडली. आठांतल्या पाच बसमध्ये कुठलं ना कुठलं लायनर उखडलेलं निघालं. पाच! त्या पाच बसमध्ये बसणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव माझ्या यादीत होतं. माझी स्वतःची मुलगी त्यातल्याच एकीनं जायची.

इथं मी थांबायला पाहिजे होतं. म्हणजे गोष्ट इथंच संपली असती तर मला ती सांगायला किती बरं वाटलं असतं!

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले. करस्पॉण्डंटनी मला बोलावलं, बसा म्हणाले. टेबलावर शाळेच्या लेटरहेडवर टाइप केलेलं पत्र. या रस्त्यावरच्या आठ शाळांना जाणारं. सदर व्यक्ती कामात अक्षम्य दिरंगाई करते, चालकांना चिथावणी देते, आणि तिच्या चुकीच्या कामामुळे आमच्या बसच्या ब्रेकचं नुकसान झालं. त्यांनीच फाडलेली लायनरं त्यांनी सेतुरावांच्या नावावर घातली होती. खाली माझं नाव, ट्रान्सपोर्ट इन्चार्ज. “तुम्हीच आणलंत ना त्यांना, तुमच्याच भाषेतले,” ते म्हणाले. “आणि मुलगी यंदा दहावीला, नाही का? हुशार आहे.”

मी सही केली. झोकात सही केली आणि बाहेर येऊन पाणी प्यायले. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तू तरी काय करणार होतीस. तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं. आता आठवलं की नवऱ्याचाही राग येतो आणि त्याहून जास्त माझा. काय करणार होते म्हणजे? सही न करता उठायचं होतं, दुसरं काय!

महिनाभरात एकेका शाळेनं सेतुरावांना बंद केलं. एका शाळेतल्या कुणीतरी त्यांना ते पत्र दाखवलं. ते आमच्या फाटकाशी आले. वॉचमननं आत सोडलं नाही. मी वरच्या मजल्यावरच्या खिडकीत होते. ते फाटकाबाहेर तासभर उभे राहिले, पत्राची घडी हातात. मी खाली गेले नाही. पडदा तेवढा सरकवला. वॉचमननं नंतर सांगितलं, रायर ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत, फक्त विचारत होते की बाई आज आल्या आहेत का. तो म्हणाला, नाही आल्या. हे मीच त्याला फोन करून सांगायला लावलं होतं.

मुलीची दहावी झाली, निकाल लागला, दुसऱ्या शाळेत अकरावीला नाव घातलं. त्या आठवड्यात मी आठही शाळांना दुसरं पत्र लिहिलं. आठ महिन्यांनी! शौर्य म्हणावं तर हे असं. आधीचं पत्र खोटं होतं, लायनरं झटके देऊन शाळेनं फाडली, सेतुरावांनी ती शोधून काढली, आणि मी हे सगळं माहीत असताना सही केली. रजिस्टरनं पाठवलं. पत्रं पोचली त्याच संध्याकाळी करस्पॉण्डंटनी मला काढून टाकलं, गोड आवाजात.

मुरुगेसनकडून कळलं की सेतुराव आता शहराच्या पार उत्तर टोकाला, एन्नोरला असतात. बंदराच्या रस्त्यावर मालाचे लांबलचक ट्रेलर आठवडेच्या आठवडे उभे असतात, खाऱ्या हवेत आणि विजेच्या कारखान्याच्या राखेत त्यांची चाकं धरतात, ती सोडवतात. गॅरेज नाही, छप्पर नाही, रस्त्याच्या कडेलाच. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. मी पत्राची प्रत घेतली, बस धरली, मग लोकल ट्रेन, मग पुन्हा बस, आणि भर दुपारी तिथं उतरले.

ट्रेलरची रांगच होती. ठोक्यांच्या आवाजावरून सापडले. एका ट्रेलरखालून दोन पाय बाहेर आलेले, काळ्याकुट्ट टाचा, खाकी हाफपँट. बाजूला चार-पाच ड्रायव्हर विड्या ओढत बसले होते. दहा ठोके, थांबणं, पुन्हा दहा.

“सेतुराव, मी आलेय.”

ठोके थांबले. आवाज ओळखला असणार. पाय हलले नाहीत.

“मी सगळ्या शाळांना दुसरं पत्र पाठवलंय. खरं लिहिलंय. प्रत आणलीय तुम्हाला.”

“हात ग्रीसचे आहेत. वाचा.”

पत्र इंग्रजीत होतं. मी ट्रेलरच्या चाकाशी वाकून वाचलं, आणि वाचता वाचता मराठीत सांगत गेले. मी म्हटलं, “माझं चुकलं, सेतुराव.”

“त्यांना सांगा कीं,” खालून आवाज आला.

“कुणाला?”

“बसलेत त्यांना. यांच्या मालकांनाही तें पहिलं पत्र कोणी दाखवलं आहे. तमिळमधें सांगा.”

आठ वर्षं चेन्नईत राहून माझं तमिळ भाजी घेण्यापुरतं. मी उठून उभी राहिले. ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागले, विड्या हातात तशाच. “रायर वेलै नल्ल वेलै,” मी म्हटलं, रायरांचं काम चांगलं काम आहे. मग पुढचं जुळवत, चुकत, सगळ्यांसमोर म्हटलं, “नान् एळुदिनदु पोय्.” मी लिहिलं ते खोटं.

त्यांच्यातला एक वयस्कर ड्रायव्हर उठला. माझी दया आली असावी त्याला. उन्हात, घामानं निथळत, डोळ्यांत पाणी आणून उभी होते. त्यानं बसायला आपला डबा पुढं सरकवला आणि हात हलवून म्हणाला, “परवाल्ले, अम्मा, परवाल्ले.” चालायचंच, असू दे.

“परवाल्ले नाहीं!” ट्रेलरखालून सेतुराव गरजले. ड्रायव्हर दचकला, मी दचकले, पलीकडच्या ट्रेलरमधून कुणीतरी डोकं बाहेर काढलं. “परवाल्ले नाहीं! कोणी म्हणूं नका!”

मी डब्यावर बसले नाही. तशीच उभी राहिले. खाली हातोडी उचलल्याचा आवाज आला आणि ठोके पुन्हा सुरू झाले.